ब्रोशरमधले १,१७,९६० डॉलर कुणाचे?

सप्रेम नमस्कार,

मी ३९ वर्षांची, न्यू जर्सीत राहते. महाराष्ट्रात बीएचएमएस करून चार वर्षं प्रॅक्टिस केली, मग लग्न होऊन इकडे आले. व्हिसाच्या भानगडीत बरीच वर्षं घरी बसून गेली. ग्रीन कार्ड आलं तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, एका हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन डेस्कवर आहे. तासाला २२ डॉलर मिळतात. आता एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एमएचएला, म्हणजे हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सला, अर्ज करायचा विचार आहे. दोन वर्षांचा कोर्स, एकूण खर्च ६८,००० डॉलर. त्यांची ॲडमिशनची बाई म्हणते, या क्षेत्रातला पगार १,१७,९६० आहे, कर्ज दोन-तीन वर्षांत फिटून जाईल. मिस्टर आयटीत आहेत. ते म्हणतात तुला हवं तर कर, पण आकडे बघितले की गप्प होतात. मोठा मुलगा चार वर्षांत कॉलेजला जाईल. शुक्रवारपर्यंत अर्ज केला तर अर्जाची फी माफ आहे. आई अजून फोनवर मला ‘काय डॉक्टरीणबाई’ म्हणते आणि मी इथे लोकांची इन्शुरन्स कार्डं स्कॅन करते. काय करू?

— डेस्कपलीकडची एक वाचक

नमस्कार,

ती ॲडमिशनची बाई खोटं बोलत नाहीये, हे आधी सांगते. १,१७,९६० हा आकडा खरा आहे, सरकारी आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने मे २०२४ साठी ‘मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजर्स’ या गटाचा वार्षिक मीडियन पगार तेवढाच दिला आहे. पण मीडियन म्हणजे काय? या कामातली सगळी माणसं पगाराप्रमाणे ओळीत उभी करा, बरोबर मध्ये जो उभा असेल त्याचा पगार. तो मधला माणूस कोण असतो? वीस वर्षं नर्सिंग करून विभागाची डायरेक्टर झालेली बाई असते. नर्सिंग होम चालवायचा राज्याचा परवाना काढलेला माणूस असतो. तिथे पोचेपर्यंत त्यांची निम्मी नोकरी झालेली असते. त्याच ओळीत सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांचा पगार ६९,६८० च्या आत आहे, आणि तेही मॅनेजर झालेलेच आहेत. डिग्री हातात पडल्यावर तुम्ही या ओळीत लगेच उभ्या राहणार नाही, तर ओळीच्या दारापर्यंत येणार. ब्रोशरमध्ये ते दार कुठे दिसत नाही.

आणखी एक गंमत. ब्युरोच्या त्याच पानावर, या कामात शिरायला साधारणपणे कुठलं शिक्षण लागतं, तेही लिहिलेलं आहे. तिथे बॅचलर्स लिहिलंय. मास्टर्स नाही. कॉलेजवाल्यांनी त्या पानावरून पगाराची ओळ उचलली आणि ही जागच्या जागी ठेवली. या नोकऱ्या २०२४ ते २०३४ मध्ये २३ टक्क्यांनी वाढतील असा अंदाजही तिथे आहे, तो तुम्हाला ऐकवला असणारच. तो मला पटतो. म्हातारी माणसं वाढताहेत, कामं वाढणार. पण नोकऱ्या वाढणं वेगळं आणि तुमच्या ६८,००० चा हिशेब जुळणं वेगळं.

तुमचा आकडा शोधायला लांब जायला नको. न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगार किंवा पगाराची पट्टी लिहावीच लागते. आज रात्री मुलं झोपली की तुमच्याच हॉस्पिटलच्या नोकऱ्यांचं पान उघडा. पेशंट ॲक्सेस सुपरवायझर, रेव्हेन्यू सायकल ॲनालिस्ट, प्रॅक्टिस मॅनेजर, अशा दहा जाहिराती काढा. पट्टीतला खालचा आकडा लिहून घ्या, वरचा नाही. पहिल्यांदा त्या खुर्चीत बसणाऱ्याला खालचाच मिळतो. मग ‘रिक्वायर्ड’ आणि ‘प्रिफर्ड’ या दोन शब्दांखाली काय आहे ते बघा. माझ्या अनुभवात मास्टर्स बहुतेक वेळा ‘प्रिफर्ड’खाली असतं, आणि ‘तीन ते पाच वर्षं माणसं सांभाळल्याचा अनुभव’ हे ‘रिक्वायर्ड’खाली. तुमच्याकडे आत्ता दोन्ही नाही. कर्ज काढून तुम्ही त्यातली ऐच्छिक गोष्ट विकत घेणार आणि सक्तीची गोष्ट तशीच राहणार.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. तासाला २२ म्हणजे वर्षाला २,०८० तासांचे ४५,७६० डॉलर. समजा डिग्रीनंतर सुपरवायझरची जागा मिळाली आणि पट्टी ६२,००० पासून सुरू होते. (हा आकडा मी मानलेला आहे, तुम्ही तुमच्या दहा जाहिरातींतला घाला.) वाढ झाली १६,२४० ची. पण तुमचा पगार मिस्टरांच्या पगारावर चढतो, त्यामुळे वाढलेल्या प्रत्येक डॉलरवर वरच्या टप्प्याचा फेडरल कर लागतो. शिवाय सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि राज्याचा कर. तिसरा हिस्सा गेलाच असं धरा. हातात राहिले महिन्याला साधारण ९०० डॉलर. आणि ६८,००० चं कर्ज ८ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता येतो महिन्याला ८२५. एकूण फेड ९९,००० च्या घरात, त्यातले ३१,००० नुसतं व्याज. म्हणजे बढती मिळूनही महिन्याकाठी तुमच्या वाट्याला ७५ डॉलर. तेही शिकत असताना साचणारं व्याज मी यात धरलेलं नाही. मिस्टर गप्प का होतात ते कळलं ना? त्यांनी हा गुणाकार मनातल्या मनात केलेला आहे.

ते ८ टक्के मी हवेतून आणले नाहीत. १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६ या वर्षातल्या पदव्युत्तर फेडरल कर्जाचा दर ७.९४ टक्के ठरला. दर १ जुलैला नवा दर लागतो. हे कर्ज ‘अनसबसिडाइज्ड’ असतं, म्हणजे पैसे कॉलेजच्या खात्यात पडले त्या दिवसापासून व्याज सुरू, तुम्ही वर्गात असा नाहीतर नसा.

आणि ॲडमिशनच्या बाईला एक प्रश्न नक्की विचारा: ६८,००० च्या ६८,००० फेडरल कर्जातून मिळणार आहेत का? आधी ग्रॅड प्लस नावाचं कर्ज होतं, त्यात खर्च होईल तेवढं उचलता यायचं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं. आता मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० आणि सगळे मिळून १,००,००० ही मर्यादा. डॉक्टर, वकील वगैरेंच्या ‘प्रोफेशनल’ डिग्र्यांना वर्षाला ५०,००० मिळतात, पण एमएचए त्या यादीत बसत नाही. दोन वर्षांचे तुमचे झाले ४१,०००. वरचे २७,००० कुठून? तर खासगी बँकेकडून, मिस्टरांच्या सहीने. त्या कर्जाला ना सरकारी माफी, ना पगाराप्रमाणे कमी होणारा हप्ता. आणि नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकलात तर वर्षाची २०,५०० ची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली येते. फोनवर हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही.

‘हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट आहे, दहा वर्षं काम केलं की कर्ज माफ’ असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलं असेल, किंवा घालेल. २००७ साली सुरू झालेली पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस ही योजना खरी आहे. १२० पात्र हप्ते भरले की उरलेली फेडरल रक्कम माफ होते. प्रश्न एवढाच की १२० हप्त्यांनंतर तुमचं काही उरेल का. १ जुलै २०२६ नंतरच्या कर्जाला पगाराशी बांधलेली जी नवी फेडयोजना आहे, तिचं नाव रॅप. तिच्यात नवरा-बायकोने टॅक्स एकत्र भरला तर दोघांचं उत्पन्न धरतात, आणि उत्पन्न १,००,००० च्या वर गेलं की त्याच्या १० टक्के हप्ता. दोघांचं मिळून १,७०,००० धरलं तर वर्षाला १७,०००. मुलामागे महिना ५० डॉलरची सूट मिळते, तरी ४१,००० तीन वर्षांतच फिटतात. माफ व्हायला मागे काही राहातच नाही. टॅक्स वेगवेगळा भरला तर हप्ता फक्त तुमच्या पगारावर ठरतो, पण मग एकत्र भरण्याचे फायदे जातात. ते गणित तुमच्या सीएकडे, म्हणजे इथल्या सीपीएकडे, एकदा मांडून घ्या. ही माफी एकट्या कमावत्या बाईला तारते. तुमच्या घराला तिचा फारसा उपयोग दिसत नाही.

आता माझं सांगते. मीही ही डिग्री केली, कर्ज काढून, रात्रीच्या वर्गांना जाऊन. तेव्हा मी एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये डिनायल डेस्कवर होते. इन्शुरन्स कंपनीने नाकारलेले क्लेम माझ्याकडे यायचे. डिग्री मिळाली, फ्रेम केली, घरी पेढे वाटले आणि सोमवारी त्याच खुर्चीत जाऊन बसले. पुढची दोन वर्षं तिथेच. माझी सुपरवायझर साधी बॅचलर्सवाली होती, पण अकरा वर्षं त्या विभागात मुरलेली. मला तिचा रागही यायचा, आता लाज वाटते त्याची.

मला बढती कशाने मिळाली ते मात्र ऐका. सीओ-१९७ नावाचा नकाराचा कोड असतो: आधी परवानगी घेतली नाही म्हणून पैसे देत नाही. त्याचा ढीग रोज यायचा आणि आम्ही अपील लिहीत बसायचो. मी एकदा चार महिन्यांचे सगळे १९७ एका शीटमध्ये टाकले, क्लेम कुठल्या दारातून आत आला होता ते शेजारच्या रकान्यात लिहिलं. निम्म्याहून जास्त एकाच इमेजिंग सेंटरचे निघाले. तिथे फॅक्सवर येणारी परवानगी कुणीच सिस्टिममध्ये चढवत नव्हतं. ती शीट घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दोन महिन्यांनी ॲनालिस्टची जागा निघाली तेव्हा त्यांनीच बोलावलं. मुलाखतीत डिग्रीबद्दल एक प्रश्न विचारला, शीटबद्दल अर्धा तास बोलले. डिग्री वाया गेली असं मी म्हणणार नाही. पुढे मॅनेजर होताना ती लागली. पण तोवर मी तिचे हप्ते तिच्याविना मिळालेल्या पगारातून भरत होते.

तुम्ही बसता ते टेबल तर माझ्या टेबलाच्या आधी येतं. माझ्याकडे आलेले निम्मे घोळ तुमच्यासारख्या डेस्कवर जन्माला आलेले असायचे. एकच उदाहरण. सत्तरीचे आजोबा येतात, पाकिटातून मेडिकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं, लाल-पांढरं-निळं कार्ड काढून देतात. प्रत्यक्षात त्यांनी गेल्या ऑक्टोबर-डिसेंबरात मुलाच्या सांगण्यावरून ॲडव्हांटेज प्लॅन, म्हणजे तोच विमा खासगी कंपनीमार्फत, घेतलेला असतो, त्याचं कार्ड दुसऱ्या खणात. डेस्कवरची मुलगी पहिलं कार्ड स्कॅन करते, क्लेम चुकीच्या दारी जातो, नकार येतो, महिनाभराने बिल आजोबांच्या घरी. तुम्ही होमिओपॅथीत पहिल्या भेटीला तासभर बसून केस टेकिंग करत होतात, रुग्ण काय सांगत नाही ते ऐकायची तुम्हाला सवय आहे. पुढचे तीन महिने मोजा: पासष्टीच्या पुढचे किती आले, किती जणांनी पहिलं कार्ड जुनं दिलं, तुम्ही ‘दुसरं कार्ड आहे का?’ विचारल्यावर किती निघाली. पेशंटचं नाव, जन्मतारीख काही लिहू नका, फक्त रेघा मारा, आणि हे मोजताय ते तुमच्या लीडला आधी सांगून ठेवा.

मग डिग्री करायचीच नाही का? करा. पण हॉस्पिटलच्या पैशाने करा.

फेडरल करकायद्याच्या कलम १२७ खाली मालक कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलर करमुक्त देऊ शकतो. ही रक्कम कॅलेंडर वर्षाची असते, शैक्षणिक वर्षाची नाही, आणि इथेच थोडी चलाखी करता येते. सप्टेंबर २०२६ ला सुरू करून मे २०२९ ला संपवलंत तर शिक्षण तीन वर्षांचं, पण कॅलेंडर वर्षं चार लागली: २६, २७, २८, २९. चार वेळा ५,२५० म्हणजे २१,००० डॉलर. घाईघाईत दोन वर्षांत उरकलंत तर एक वर्षाचे पैसे सोडून देता. सगळी हॉस्पिटलं पूर्ण ५,२५० देत नाहीत, काही आधी भरा मग परत घ्या म्हणतात, काहींच्या करारात ‘शिकून झाल्यावर दोन वर्षं सोडायचं नाही, नाहीतर पैसे परत’ असं कलम असतं. एचआरकडे जाऊन ‘ट्यूशन रिइम्बर्समेंटची पॉलिसी लेखी द्या’ एवढंच म्हणा. कारण सांगत बसू नका.

आणि ६८,००० चाच कोर्स कशाला? राज्याच्या विद्यापीठात न्यू जर्सीच्या रहिवाशांना फी कमी असते, तिथे चौकशी करा. कोर्सला कॅमी या संस्थेची मान्यता आहे का ते बघा. आरोग्य व्यवस्थापनाच्या मास्टर्सना मान्यता देणारी संस्था तीच. रटगर्सच्या एमएचएला ती आहे. समजा ४०,००० मध्ये काम झालं आणि २१,००० हॉस्पिटलने दिले, तर राहिले १९,०००. तेहतीस महिन्यांत वाटले तर महिन्याला ५७५ च्या आसपास. बोचतील, पण शेवटच्या पेपरला बसाल तेव्हा डोक्यावर काही नसेल, आणि तोवर नोकरीची सहा वर्षं झालेली असतील. पदरात कर्ज नसण्याला तुमच्या घरी आणखी एक अर्थ आहे. मोठ्याच्या कॉलेजसाठी आईवडिलांनी काढायच्या पॅरेंट प्लस कर्जालाही आता मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आली आहे. त्याच्या वेळी हात मोकळा लागेल.

दरम्यान छोटं काहीतरी पदरात पाडून घ्या. नॅहॅम ही तुमच्याच कामातल्या लोकांची संघटना, तिची सीएचएए ही परीक्षा रजिस्ट्रेशनवाल्यांसाठीच आहे, आणि मॅनेजर होऊ पाहणाऱ्यांसाठी पुढे सीएचएएम. हॉस्पिटलमध्ये एपिक, म्हणजे पेशंटच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, असेल तर त्याच्या सर्टिफिकेशनसाठी कुणी माणसं निवडतंय का यावर कान ठेवा. ते बाहेरून विकत मिळत नाही, मालकानेच पाठवावं लागतं, म्हणून त्याला बाजारात भाव आहे. यूट्यूबवर ‘तीन महिन्यांत एपिक शिका’ म्हणून पैसे मागणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

तेवीस वर्षांच्या, कुठेही राहायला तयार असलेल्या पोरीने हेच पत्र लिहिलं असतं तर मी थोडं वेगळं बोलले असते. पूर्णवेळ, मान्यताप्राप्त कोर्स केला की मोठ्या हॉस्पिटलांच्या वर्षभराच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप मिळू शकतात. तिथे थेट वरच्या साहेबांच्या मागे फिरायला मिळतं आणि तिथून पाच-सहा पायऱ्या एकदम चढता येतात. तिचं कर्ज त्या दाराचं भाडं असतं. ऑनलाइन, अर्धवेळ, दोन मुलं सांभाळून शिकणाऱ्याला ते दार क्वचितच उघडतं, आणि भाडं मात्र तेवढंच मागतात.

तुमच्या आईबद्दल. माझा संशय असा की ६८,००० मधले थोडे तुम्ही तिच्या फोनसाठी मोजणार होतात, नावामागे पुन्हा काहीतरी लागावं म्हणून. त्यात वाईट काही नाही, मीही पेढे वाटले होते. तुमच्या बीएचएमएसचं मूल्यमापन मात्र आताच करून घ्या. इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली तर ‘बॅचलर्स रिक्वायर्ड’ लिहिलेल्या सगळ्या जागा आजच तुमच्यासाठी उघड्या आहेत. एचआरच्या फायलीत तुमचं शिक्षण काय लिहिलंय ते कधी बघितलंय का? मी बिलिंगमध्ये लागले तेव्हा माझ्या नावापुढे ‘हायस्कूल’ होतं. भारतातलं काही धरायचं असतं हे मलाच माहीत नव्हतं, फॉर्म भरणाऱ्या मुलीला कुठून असणार! चार वर्षं तसंच राहिलं.

राहिला शुक्रवार. जाऊ द्या तो. अर्जाची फी वाचवायला कुणी ६८,००० ची सही करत नाही. सोमवार-मंगळवारी त्या बाईचाच फोन येईल की मुदत वाढवून घेतली आहे, तुमच्यासाठी खास. तेव्हा तिला फेडरल मर्यादेचा तो प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. एचआरची पॉलिसी आणि दहा जाहिरातींतले खालचे आकडे तोवर तुमच्याकडे असतील. ते घेऊन मिस्टरांसमोर बसा. या वेळी ते गप्प बसणार नाहीत.

तीन महिन्यांनी रेघा किती झाल्या ते मला कळवा.